भारतीय ज्योतिष शिकताना साधने कशी निवडावीत: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

ज्योतिष शिकू इच्छिणाऱ्याला आज साधनांची वाण नाही. पुस्तके, पंचांगे, शिकवणी वर्ग, यूट्यूबवरील व्याख्याने आणि मोबाईलवरील ॲप यांचा नुसता ढीग पडला आहे. अडचण येते ती यातले काय धरावे आणि काय सोडावे हे ठरवताना, कारण निवडीसाठी जे ज्ञान लागते तेच तर अजून मिळवायचे असते. या पेचातून सुटायला एक वाट आहे. ज्योतिषात गणित आणि फलित असे दोन थर आहेत. अमुक दिवशी अमुक वाजता चंद्र कोठे होता, याचे उत्तर कोणालाही घरबसल्या तपासता येते. त्या चंद्रामुळे जातकाचा, म्हणजे ज्याची पत्रिका आहे त्याचा, स्वभाव कसा झाला, हे तितक्या सहज तपासता येत नाही. म्हणून कोणत्याही पुस्तकाची, शिक्षकाची किंवा ॲपची परीक्षा आधी गणितात घ्यावी, आणि जे पडताळता येते त्यात जो हलगर्जीपणा करतो त्याच्यावर, जे पडताळता येत नाही त्यासाठी विसंबू नये. पुढील पायऱ्या याच क्रमाने लावल्या आहेत.

पायरी १: एक पद्धती निवडा

पाश्चात्त्य ज्योतिष बहुतांशी सायन (सरकत्या वसंतसंपातापासून मोजलेले) राशिचक्र वापरते, भारतीय ज्योतिष निरयन (ताऱ्यांच्या संदर्भात स्थिर). भारतीय ज्योतिषातही पाराशरी, जैमिनी, ताजिक, कृष्णमूर्ती आणि नाडी अशा निरनिराळ्या पद्धती आहेत. प्रत्येकीची परिभाषा आणि नियम वेगळे आहेत. ताजिकातील इत्थशाल, मुथहा हे शब्द तर अरबी-फारसी परंपरेतून आलेले आहेत. नवशिक्याचा गोंधळ होतो तो बहुतेक वेळा यामुळे, की सकाळी एका पद्धतीचे व्याख्यान ऐकले जाते, संध्याकाळी दुसऱ्या पद्धतीचे पुस्तक वाचले जाते, आणि दोन्हींतले नियम एकाच पत्रिकेवर लावले जातात. पहिले वर्षभर तरी पाराशरीच धरावी, असे माझे मत आहे. भाव (पत्रिकेतील बारा स्थाने), भावेश (त्या स्थानांचे स्वामी), दृष्टी, वर्गकुंडल्या (राशीचे भाग पाडून काढलेल्या कुंडल्या) आणि विंशोत्तरी दशा (जन्मनक्षत्रावरून ठरणारे ग्रहांचे कालखंड) यांची ओळख इतर बहुतेक पद्धती गृहीत धरतात, आणि पाराशरीवरचे साहित्यही सर्वाधिक उपलब्ध आहे.

पायरी २: पंचांग आणि अयनांश समजून घ्या

हा भाग रुक्ष वाटतो म्हणून बहुतेक जण तो टाळतात आणि पुढे नेमके इथेच अडकतात. वसंतसंपात, म्हणजे मार्चमधील विषुवदिनी सूर्य जेथे असतो तो बिंदू, दरवर्षी सुमारे ५०.३ विकला मागे सरकतो (अंशाचे ६० भाग म्हणजे कला, कलेचे ६० भाग म्हणजे विकला), म्हणजे एक अंश सरकायला जवळपास ७२ वर्षे लागतात. निरयन राशिचक्राचा स्थिर आरंभबिंदू आणि हा सरकता संपात यांमधील अंतर म्हणजे अयनांश. तो आरंभबिंदू नेमका कोठे मानावा याविषयी मात्र एकमत नाही. भारत सरकारने १९५२ मध्ये डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली आणि तिचा अहवाल १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. चित्रा तारा १८० अंशांवर मानणारा चित्रापक्ष समितीने स्वीकारला आणि २१ मार्च १९५६ या दिवसासाठी २३ अंश १५ कला हा अयनांश धरला. निर्मलचंद्र लाहिरी हे समितीचे सचिव होते, म्हणून संगणकाच्या पडद्यावर हाच अयनांश 'लाहिरी' या नावाने भेटतो. सध्या तो २४ अंशांच्या थोडा पुढे गेला आहे.

महाराष्ट्रातील बहुतेक पंचांगे चित्रापक्षाची आहेत, परंतु टिळक पंचांग रैवतपक्ष, म्हणजे रेवती ताऱ्यावरून केलेली मोजणी, मानते आणि त्याचा अयनांश सुमारे ४ अंशांनी कमी आहे. हा फरक किरकोळ नाही. एक नक्षत्र १३ अंश २० कलांचे असते. त्यामुळे ४ अंशांच्या फरकाने, ढोबळमानाने, दहांतील तीन पत्रिकांमध्ये चंद्राचे नक्षत्रच बदलते, आणि नक्षत्र बदलले की जन्माच्या वेळची महादशाही बदलते. यांतला कोणता पक्ष खरा, हा वाद नवशिक्याने सोडवायचा नाही. हातातले साधन कोणता पक्ष मानते हे मात्र त्याला ठाऊक असलेच पाहिजे, आणि जे पुस्तक किंवा ॲप आपला अयनांश कोठेच सांगत नाही ते त्याच कारणासाठी बाजूला ठेवावे.

पडताळणीसाठी कोलकात्याच्या पोझिशनल ॲस्ट्रॉनॉमी सेंटरतर्फे प्रसिद्ध होणारे राष्ट्रीय पंचांग उत्तम आहे. याशिवाय अमेरिकेच्या नासा संस्थेच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीची 'होरायझन्स' ही सेवा ग्रहांची स्थाने विनामूल्य देते. त्यांत क्रांतिवृत्तावरचे (सूर्यमार्गावरचे) अंश निवडले तर ती सायन स्थाने असतात. त्यांतून अयनांश वजा केला की निरयन स्थान मिळते. ही वजाबाकी एकदा स्वतःच्या हाताने करून पाहावी. स्टेलेरियम या विनामूल्य आज्ञावलीत जन्मवेळचे आकाशही पाहता येते, आणि कागदावरचा गुरू खरोखर त्याच तारकासमूहाच्या आसपास दिसला की निरयन या शब्दाचा अर्थ जसा उमगतो तसा तो व्याख्या पाठ करून उमगत नाही.

पायरी ३: संगणकीय साधनाची झाडाझडती घ्या

पत्रिका हाताने मांडण्याचे दिवस मागे पडले. आज अनेक आज्ञावली स्विस इफेमेरिस या ग्रहगणित-संचावर चालतात आणि तो संच भरवशाचा आहे. विनामूल्य आज्ञावलींपैकी 'जगन्नाथ होरा' अभ्यासकांमध्ये प्रचलित आहे, कारण तिच्यात जवळजवळ प्रत्येक गृहीतक उघडे दिसते आणि बदलता येते. नवशिक्याला पर्यायांची ही भाऊगर्दी पहिल्यांदा दडपण आणते. तरीही, काहीच न विचारता सुबक पत्रिका छापून देणाऱ्या ॲपपेक्षा ती बरी.

चार गोष्टी तपासाव्यात. अयनांश कोणता; राहू मध्यम (सरासरी गतीचा) की स्पष्ट (प्रत्यक्ष स्थानाचा), कारण दोन्हींत दीड अंशापर्यंत फरक पडू शकतो; भाव राशीनुसार धरले आहेत की भावचलितानुसार (लग्नाच्या अंशावरून मोजून); आणि दशेचे वर्ष किती दिवसांचे मानले आहे. यांतल्या शेवटच्या गोष्टीने मला एकदा पंधरा दिवस छळले होते. चाळिशीच्या एका परिचिताच्या दशेच्या तारखा दोन ठिकाणी काढल्या, तर त्या सात महिन्यांनी वेगळ्या येत होत्या. मी चंद्राचे स्थान पुन्हा पुन्हा तपासत राहिलो आणि ते दोन्हीकडे विकलेपर्यंत सारखे होते. शेवटी लक्षात आले की एक ॲप ३६५.२५ दिवसांचे वर्ष धरत होते आणि दुसरे ३६० दिवसांचे. वर्षाला सव्वापाच दिवसांचा फरक, चाळीस वर्षांत २१० दिवस. दोन्ही ॲपांनी आपले गृहीतक मुख्य पानावर कोठेही सांगितलेले नव्हते.

जन्मवेळेबाबतही साधन किती काटेकोर आहे हे पाहावे. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली, परंतु मुंबईत त्यापेक्षा ३९ मिनिटे मागे असणारा 'मुंबई टाइम' पुढे कित्येक दशके, १९५५ पर्यंत, वापरात होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५, देशभर घड्याळे एक तास पुढे होती. आजोबा-आजींच्या पत्रिका सरावासाठी घेणाऱ्यांनी हे विसरू नये. हा तास दुर्लक्षिला तर काय होते ते पाहा. लग्न (जन्मवेळी पूर्व क्षितिजावर उगवणारा राशीचा अंश) सुमारे १५ अंशांनी, म्हणजे अर्ध्या राशीने सरकते. चंद्र तासाला सुमारे ३३ कला चालतो. जन्मनक्षत्र भरणी असेल तर नक्षत्राच्या ८०० कलांना शुक्राच्या महादशेची २० वर्षे, म्हणजे एका कलेला साधारण ९ दिवस पडतात, आणि सगळ्या दशा दहा महिन्यांनी चुकतात. साधन चांगले आहे की नाही हे ओळखण्याची सोपी युक्ती म्हणजे त्यात १९४४ सालची एक जन्मतारीख घालून पाहणे: ते युद्धकालीन वेळेची दखल घेते, की निमूटपणे ग्रिनिचच्या पुढे साडेपाच तास धरून पुढे जाते?

पायरी ४: मूळ ग्रंथ जवळ ठेवा

आरंभी एखादे सुबोध आधुनिक पुस्तक वाचायला हरकत नाही, किंबहुना तसेच करावे. पण त्याच्या शेजारी मूळ ग्रंथ असावा, म्हणजे प्रत्येक विधान कोठून आले हे पाहता येते. मराठी वाचकाचे भाग्य असे की या विषयाचा एक मातब्बर इतिहास त्याच्याच भाषेत लिहिला गेला. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि कोणता ग्रंथ केव्हाचा, कोणी कोणाचे घेतले, याची त्यांनी केलेली छाननी आजही वाचनीय आहे. त्यातला जातकस्कंधाचा, म्हणजे जन्मपत्रिकेच्या शास्त्राचा, भाग तरी फलिताची पुस्तके उघडण्यापूर्वी वाचावा.

ग्रंथांमध्ये वराहमिहिराचे बृहज्जातक हे सहाव्या शतकातले, आटोपशीर आणि तुलनेने स्थिर पाठाचे आहे. होराशास्त्राचा महासागर तरून जाता जाता ज्यांचा उत्साह मावळला त्यांच्यासाठी आपण ही लहानशी नाव बांधत आहोत, असे तो आरंभीच सांगतो. नावेत बसणे मात्र सोपे नाही. श्लोक इतके दाट आहेत की भट्टोत्पलाच्या टीकेवाचून (स्पष्टीकरणग्रंथावाचून) ते उलगडत नाहीत. नवशिक्याला मंत्रेश्वराची फलदीपिका अधिक सुलभ जाते. कल्याणवर्म्याची सारावली विस्तृत आहे आणि संदर्भासाठी उपयोगी पडते.

बृहत्पाराशर होराशास्त्राचा उल्लेख सर्वत्र 'मूळ आधार' म्हणून होतो, परंतु त्याच्याबाबत सावध राहावे लागते. छापील आवृत्त्यांमध्ये अध्यायांची संख्या आणि श्लोक जुळत नाहीत, आणि दहाव्या शतकातला भट्टोत्पल स्वतः लिहितो की पराशराची संहिता आपण पाहिली, जातक (जन्मपत्रिकेवरचा ग्रंथ) मात्र पाहिले नाही. याचा अर्थ ग्रंथ टाकाऊ आहे असा नाही. विंशोत्तरी दशेपासून षोडशवर्गांपर्यंत (सोळा वर्गकुंडल्यांपर्यंत) आजचे सारे प्रचलित शिक्षण त्याच्यावर उभे आहे. अर्थ एवढाच की 'पराशरांनी म्हटले आहे' हे वाक्य पुरेसे नाही. कोणत्या आवृत्तीत, कोणत्या अध्यायात, हे लेखकाने सांगितले पाहिजे.

भाषांतर घेताना मूळ श्लोक, त्याचा शब्दशः अर्थ आणि भाषांतरकाराची स्वतःची टिप्पणी ही तिन्ही वेगळी छापलेली आवृत्ती निवडावी. अनेक स्वस्त आवृत्त्यांमध्ये टिप्पणी श्लोकाच्या अर्थामध्येच मिसळून टाकलेली असते, आणि विसाव्या शतकातल्या भाषांतरकाराचे मत दीड हजार वर्षांपूर्वीच्या आचार्याच्या तोंडी जाते. जुन्या आवृत्त्या इंटरनेट अर्काइव्हवर पाहायला मिळतात. तेथे मुखपृष्ठावरचे संपादकाचे नाव आणि वर्ष टिपून ठेवावे.

पायरी ५: आधुनिक पुस्तकाची परीक्षा एका प्रश्नावर घ्या

पुस्तक चाळताना सगळे वाचत बसू नये. आपल्याला थोडेफार ठाऊक असलेला एक विषय निवडून तेवढेच पान उघडावे. मी पत्रिकेतल्या मंगळाचे पान उघडतो. 'लग्ने व्यये च पाताले जामित्रे चाष्टमे कुजे' हा श्लोक बहुतेक पुस्तकांत असतो: पहिले, बारावे, चौथे (पाताल), सातवे (जामित्र) आणि आठवे ही स्थाने. चांगला लेखक हा श्लोक कोठला आहे हे सांगतो किंवा त्याचे मूळ आपल्याला सापडले नसल्याचे कबूल करतो; काही परंपरा दुसरे स्थानही धरतात हे नोंदवतो; आणि अपवादांची चर्चा करतो. सुमार लेखक थेट वैधव्यावर येतो.

यापुढे एक साधा हिशेब करून पाहावा. बारांपैकी पाच स्थाने म्हणजे जवळपास ४२ टक्के माणसांना लग्नापासून मंगळ असणार. काही पुस्तके चंद्रापासून आणि शुक्रापासूनही मंगळ मोजायला सांगतात; तसे केले तर एकाही मोजणीत मंगळ नसण्याची शक्यता ढोबळमानाने बारांत सात, तीनदा गुणून, म्हणजे सुमारे २० टक्के उरते. दहांतील आठ माणसांना लागू पडणारा दोष एखाद्याच्या संसाराबद्दल वेगळे असे काय सांगू शकेल, हा प्रश्न लेखकाला पडला आहे की नाही, यावरून त्याची पारख होते. (ओघात सांगायचे तर, 'जामित्र' हा शब्द ग्रीक 'डायामेट्रॉन'वरून आला आहे, होरा, केंद्र, पणफर, द्रेक्काण हेही तिकडचेच. 'सगळे काही वेदांत आहे' असे पहिल्याच पानावर बजावणाऱ्या लेखकाला ही शब्दावली अडचणीची जाते.)

दुसरी कसोटी कालसर्प योगाची. बृहज्जातकात किंवा फलदीपिकेत हा योग नाही. बृहज्जातकात 'सर्प' नावाचा एक नाभस योग (ग्रहांच्या मांडणीवरून ठरणारा योग) आहे, परंतु तो पापग्रह केंद्रांत (पहिले, चौथे, सातवे, दहावे स्थान) असण्याशी संबंधित आहे. राहू-केतूंच्या मध्ये सगळे ग्रह सापडण्याशी त्याचा संबंध नाही. जे पुस्तक कालसर्पाला 'प्राचीन शास्त्रोक्त' म्हणून त्याच्या बारा जाती आणि प्रत्येकीची शांती सांगते, पण आधार देत नाही, ते परत जागेवर ठेवावे.

पायरी ६: शिक्षक आणि वर्ग

भारतात ज्योतिष व्यवसायासाठी कोणताही कायदेशीर परवाना लागत नाही, आणि विशारद, शास्त्री, प्रवीण यांसारख्या पदव्या बहुधा त्या त्या खासगी संस्थेनेच ठरवलेल्या असतात. त्यामुळे भिंतीवरच्या प्रमाणपत्रांवरून फारसे काही कळत नाही. विद्यापीठीय शिक्षण हवे असेल तर संस्कृत विद्यापीठांमध्ये ज्योतिषाचे विभाग आहेत, रामटेकचे कवि कुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ हे त्यांपैकी एक, आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठानेही २०२१ मध्ये ज्योतिष विषयात एम.ए. सुरू केले. तेथे ग्रंथाभ्यास होतो. त्याची पूर्वतयारी म्हणून थोडे संस्कृत लागते.

खासगी वर्गात नाव घालण्यापूर्वी एक तास बसून ऐकण्याची परवानगी मागावी आणि दोन प्रश्न विचारावेत: 'हा नियम कोठे आहे?' आणि 'हा नियम न जुळलेली एखादी पत्रिका आपण दाखवाल का?' मी ज्या पहिल्या वर्गात आठ महिने घालवले तेथील गुरुजी अत्यंत रसाळ बोलत. प्रत्येक नियमाला त्यांच्याकडे नामवंतांची पत्रिका तयार असे, आणि पहिल्या प्रश्नाला 'अनुभव आहे' एवढेच उत्तर मिळे. नामवंतांच्या पत्रिका हे फसवे साधन आहे, हे मला फार उशिरा समजले: माणसाचे आयुष्य आधीच ठाऊक असले की पत्रिकेत ते सापडतेच, आणि अनेक नामवंतांची जन्मवेळ मुळात खात्रीची नसते. पुढे ज्यांच्याकडे शिकलो ते फळ्यावर पत्रिका मांडत आणि मधूनच 'हे मला जमले नाही' म्हणून पुसून टाकत. त्यांच्याकडे विद्यार्थी कमी होते.

विद्यार्थ्यांच्या स्वतःच्याच पत्रिकेतला दोष दाखवून शांती, रत्न किंवा यंत्र सुचवणारा वर्ग तत्काळ सोडावा. शिकवणे आणि विकणे एकाच तासात चालले की शिकवण्याचा बळी जातो.

व्हिडिओंना पूरक साधनापलीकडे किंमत देऊ नये. गणिताची एखादी रीत समजून घेण्यास ते चांगले असतात, फलिताला नाही. एआय चॅटबॉट परिभाषा समजावण्यास उपयोगी पडतो, परंतु तो ग्रंथाचे नाव आणि अध्याय सांगून अस्तित्वात नसलेला श्लोकही तितक्याच आत्मविश्वासाने देऊ शकतो, आणि ग्रहांची स्थाने मनानेच भरू शकतो. त्याने दिलेला प्रत्येक संदर्भ पान उघडून पाहावा.

पायरी ७: वही ठेवा आणि विरोधी मतही वाचा

डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये पुण्यात एक चाचणी घेतली. बुद्धिमान आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका एकत्र करून सहभागी ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका दिल्या आणि कोणती कोणाची हे ओळखण्यास सांगितले. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली, आणि एकंदर यश नाणेफेकीच्या पुढे गेले नाही. हा निबंध 'करंट सायन्स' मध्ये २००९ साली प्रसिद्ध झाला. ज्योतिष शिकणाऱ्याने तो टाळू नये. परंपरेचा अभ्यास म्हणून शिकायचे असो वा सल्ला देण्यासाठी, आपल्या विषयावरची सर्वांत कडक टीका काय आहे हे माहीत असावे. एखादे पुस्तक किंवा शिक्षक अशा चाचण्यांचा उल्लेख कसा करतो, हेही त्याच्या विश्वसनीयतेचे एक माप आहे.

स्वतःसाठी अशीच चाचणी लहान प्रमाणावर घेता येते. एका वहीत तारीख घालून, घटना घडण्यापूर्वी, नियम आणि त्यावरून केलेले विधान लिहावे. विधान असे असावे की ते चुकले तर चुकले असे कोणालाही म्हणता यावे. 'मानसिक ताण जाणवेल' हे चालणार नाही, 'मार्चअखेरपर्यंत बदलीचा आदेश निघेल' हे चालेल. शेजारच्या रकान्यात तो नियम कोणत्या पुस्तकातून किंवा कोणाकडून घेतला हे लिहावे. जे चुकले ते खोडू नये. वर्षभरात पन्नास-साठ नोंदी झाल्या की त्या साधनानुसार वेगळ्या करून मोजाव्यात, आणि त्याच विधानांपैकी किती विधाने पत्रिका न पाहता, निव्वळ व्यवहारज्ञानाने करता आली असती, ती संख्या वजा करावी. आजार, गर्भारपण आणि पैशाची गुंतवणूक यांविषयीचे प्रश्न या वहीतही घेऊ नयेत. विचारणाऱ्याला डॉक्टरकडे किंवा त्या विषयाच्या जाणकाराकडे पाठवावे.